जीपचा शौक आणि हुडाचे कापड

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या दापोली तालुक्यात एक बदल सहज नजरेस येतो. पूर्वी कुवेत-कतरहून सुट्टीवर आलेला माणूस प्रथम घराची डागडुजी काढी, मग बहिणीच्या लग्नाचे बघे आणि त्यातून काही उरलेच तर मोटारसायकल घेई. आता तो विमानतळावरून घरी येण्याआधीच थार नोंदवून ठेवतो. दुकानदारांचेही तसेच. बुरोंडी, लाडघर, कोळथरे, दाभोळ, हर्णे या पट्ट्यात ज्याचा धंदा जरा बरा चालला त्याच्या दारात उंच चाकांची, दणकट गाडी उभी राहिलेली दिसते. यात गैर काहीच नाही. आमच्याकडचे चढ-उतार, अरुंद वळणे, जांभ्याच्या निसरड्या पाखाड्या आणि चार महिन्यांचा पाऊस पाहिला तर अशी गाडी पुष्कळांना खरोखरच कामाची आहे. माझा आक्षेप गाडीला नाही. गाडी दारात आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तिच्या अंगावर जे काही चढवले जाते त्याला आहे.

मी कापडाचा व्यापारी. शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांकडून शिकलो. तेव्हा मोटारीच्या यंत्रशास्त्रात मला फार कळते असा दावा मी करणार नाही. परंतु जीप ही एकच मोटार अशी आहे की जिचा एक मुख्य भाग कापडाचा असतो, आणि त्या कापडाबद्दल मला चार गोष्टी निश्चित ठाऊक आहेत. माझ्याकडे स्वतःकडे कापडी हुडाची एक जुनी जीप आहे आणि ती मी दुकानाच्या मालासाठी वापरतो. शिवाय रुपया कुठे अडकतो आणि कुठे फिरतो हे तर आपल्या धंद्याचे पहिले गणित आहे.

जीपचा जन्मच मुळी कामासाठी झाला. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. बँटम, विलिज आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी तिचे नमुने केले आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. वजन वाचावे, गाडी बुटकी व्हावी, हूड काढून काच आडवी पाडता यावी म्हणून तिला पत्र्याचा टप न देता कॅनव्हासचे हूड दिले गेले. आपल्या देशात ती आणणाऱ्या कंपनीचा इतिहास आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखा आहे. १९४५ साली लुधियाना येथे जी पोलादाची पेढी निघाली तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद असे तिघे त्यात होते. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ ते १९५५ गव्हर्नर-जनरलही होते. इकडे १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले, आणि त्याच सुमारास मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू झाली. त्या जीपेपासून कमांडर, मार्शल, २००० साली आलेली बोलेरो, २०१० ची थार आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेली नवी थार अशी ही वंशावळ आहे. कमांडरने कोकणातल्या दोन पिढ्या वाहून नेल्या. माणसे, आंब्याच्या पेट्या, मासळीच्या टोपल्या, लग्नाचे वऱ्हाड, सगळे एकाच हुडाखाली. त्या काळी जीपवाल्याची सजावट म्हणजे मागे एक कडी, वर एक ताडपत्री आणि पुढे एक पिवळा दिवा.

आता काय होते? मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसला गाडी नेली जाते. पुढे जाड लोखंडी बंपर, बाजूला लोखंडी पायऱ्या, टपावर लोखंडी कॅरियर, त्यावर दिव्यांची रांग, कंपनीपेक्षा दोन नंबर मोठे टायर, काचांना काळी फिल्म आणि सायरनसारखा हॉर्न. बिल लाखाच्या घरात जाते. घरी आल्यावर सगळा मोहल्ला गाडी पाहायला जमतो. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच गाडीच्या बंपरखाली तांबूस ओघळ दिसू लागतात.

आपल्याकडे गाडीचा दुश्मन चिखल नाही, मीठ आहे. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने समुद्राचा खारा वारा अंगावर असतो. मासळीचे टोप गाडीतून नेले की त्याचे खारे पाणी तळाच्या पत्र्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते. गुहागरकडे माल न्यायचा तर आम्ही दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जातो. २००३ पासूनची ही सोय मोठी आहे, सगळा वळसा वाचतो, पण खाडीवरचे शिंतोडे गाडीच्या पोटाला लागतातच. अशा हवेत कंपनीने रंगवून, भाजून दिलेल्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडणे म्हणजे गंजाला दरवाजा उघडून देणे होय. बंपर बसवला की सहा-आठ भोके, पायऱ्यांना तितकीच, कॅरियरला आणखी. भोकाच्या कडेला रंग नसतो, आत पाणी अडते आणि वरून स्टीलचा चकाकता नट लावलेला असतो. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारे पाणी सापडले की त्यातला कमजोर धातू आधी खलास होतो. बंदरावर होड्या दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीला विचारा, तो हे शाळेत न जाता सांगेल.

म्हणून माझे म्हणणे असे की पैसा खर्च करायचाच असेल तर पहिला रुपया गाडीच्या पोटाखाली जावा. तळाला गंजरोधक लेप, दरवाजांच्या आणि चासीच्या पोकळीत मेणासारखा तेलकट फवारा, आणि दर आठ दिवसांनी खालून गोड्या पाण्याचा जोरदार मारा. दरवाजांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोके ठेवलेली असतात, ती जांभ्याच्या लाल मातीने बुजतात. एक बारीक काडी घेऊन ती मोकळी करणे ही फुकटातली सर्वात मोठी ॲक्सेसरी आहे. हे काम कोणाला दिसत नाही, त्यावर कोणी वाहवा करीत नाही, म्हणून ते होत नाही.

लोखंडाच्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. लोखंडी बंपर, ज्याला बुल बार म्हणतात, त्याविरुद्ध कारवाई करा असे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले आहे. कारण साधे आहे. आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपण्यासाठी बनविलेला असतो. तो चेपतो म्हणून धक्का आतल्या माणसापर्यंत कमी पोहोचतो, आणि त्याच धक्क्याच्या अंदाजाने एअरबॅग उघडते. पुढे लोखंडी तुळई बांधली की धक्का सरळ चासीला लागतो आणि एअरबॅगचा हिशेब बिघडतो. समोर कोणी पादचारी आला तर त्याचे काय होईल ते सांगायला नको. "गुरे आडवी येतात हो, रात्री डुकरे येतात" असे मला सांगितले जाते. येतात, हे खरे. त्यावर उपाय वेग कमी ठेवणे हा आहे.

काळ्या फिल्मवर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. सर्चलाईट लावायला आरटीओची पूर्वपरवानगी लागते. अनेक सुरांचा हॉर्न चालत नाही. आणि ज्यांना लष्करी थाट हवा असतो त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही मना आहे. मोठ्या टायरचे नुकसान वेगळेच. स्पीडोमीटर खोटा बोलू लागतो, ब्रेकवर आणि बेअरिंगवर ताण येतो, डिझेल जास्त लागते, आणि अपघात झाला की विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतेच निमित्त मिळते. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २४५० मिलिमीटर. एवढ्या उंच आणि आखूड गाडीच्या टपावर आणखी लोखंड चढवून दापोली-खेड रस्त्याची वळणे घेण्याची हौस कोणाला असेल तर असो.

आता कापडाकडे येतो.

हुडाच्या कापडाचे साधारण तीन प्रकार आपल्या बाजारात चालतात. पहिले सुती कॅनव्हास. हे भिजले की सूत फुगते, वीण घट्ट होते आणि पाणी आत येत नाही. सुकले की पुन्हा मोकळे होते, म्हणून आत हवा खेळते, गाडीत कोंदट वाटत नाही. दोष दोन. पहिल्या पावसात ते आटते आणि ओले गुंडाळून ठेवले की बुरशी धरते. म्हणून चांगला कारीगर कापड कापण्याआधी एक रात्र पाण्यात टाकून, वाळवून मगच फर्मा लावतो. जो घाईने कोरे कापड कापतो त्याचे हूड जूनमध्ये बसते आणि जुलैमध्ये मागचे बक्कल लागेनासे होते. नायलॉन येण्यापूर्वी आमच्या बंदरावर सुती जाळी झाडाच्या सालींच्या काढ्यात भिजवून टिकाऊ करीत. तंबूच्या कापडाला तुरटी आणि साबणाचा पुट देण्याची रीतही जुनी आहे. आज मेणाचे तयार कापड मिळते, पण ते धुताना कपड्याची पावडर वापरली की मेण निघून जाते आणि हूड चाळणीसारखे गळू लागते. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावे, बस.

दुसरे म्हणजे पॉलिस्टरवर पीव्हीसीचा थर दिलेले कापड. पाण्याला पक्के, बुरशीला दाद न देणारे, आटत नाही. पण श्वासही घेत नाही. रात्रभर दव पडले की सकाळी आतून पाणी ठिबकते आणि आपल्याला वाटते हूड गळते आहे. उन्हाने त्याचा थर कडक होतो आणि घडीच्या जागी तडकतो. तिसरे बाजारातले निळे-पिवळे विणलेले प्लॅस्टिक. ते एका पावसाळ्यासाठी लाकडाच्या ढिगावर घालावे. गाडीवर घालू नये.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने माझ्या मते दुसरा प्रकार घ्यावा, मात्र आत सुती अस्तर लावून आणि बाजूला हवेसाठी झडप ठेवून. दापोलीच्या वर, खेड-मंडणगडकडे राहणाऱ्याला सुती कॅनव्हास अजूनही उत्तम. कापडापेक्षाही जास्त फसवणूक होते ती धाग्यात. साधा सुती धागा दोन पावसाळ्यांत कुजतो. नायलॉनचा धागा हाताला मजबूत लागतो, पण उन्हात कमजोर पडतो. हुडाला जाड पॉलिस्टर धागाच हवा. शिवण दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घातलेली असावी आणि दुमडीचे तोंड खाली असावे, म्हणजे पाणी त्यात साचणार नाही. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, हे ध्यानात घेऊन टाके फार जवळ घालू नयेत आणि शिवणीवर आतून पट्टी चिकटवावी. रिंगा पितळी, लोखंडी नव्हे. चेन जाड प्लॅस्टिकची, कारण धातूची चेन आमच्याकडे दुसऱ्या वर्षी जाम होते. पट्ट्यांना नवार. मागच्या पारदर्शक खिडकीचे प्लॅस्टिक घडी घालू नये, गुंडाळावे. एवढे सांभाळले तर साधे हूड चार-पाच पावसाळे सहज काढते.

सीटचेही तसेच. चकचकीत रेक्झिन पाहायला बरे, पण एप्रिल-मेमध्ये पाठ भिजते आणि मिठाच्या हवेत शिवणीजवळ फाटते. मी जाड सुती ड्रिलची खोळ वापरतो. महिन्याला काढून धुता येते, फाटली तर गावातच शिवली जाते. एक सावधगिरी मात्र घ्यावी. ज्या नव्या गाड्यांच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते, उदाहरणार्थ २०२४ साली आलेली पाच दरवाजांची थार रॉक्स, त्यांच्या सीटवर वाटेल ती खोळ चढवू नये. त्या जागची शिवण वेळ येताच उसवेल अशा खास धाग्याची असावी लागते. नसेल तर कुशीची जागा उघडी सोडणारी खोळ शिवावी.

हे सगळे इतक्या बारकाईने लिहिण्याचे कारण असे की हे काम आपल्या माणसांचे आहे. कुशनवाले, हूड शिवणारे, वेल्डर, पत्राकाम करणारे, वायरमन यांत आपल्या समाजाचे किती हात गुंतलेले आहेत ते मुंबईच्या चोरबाजारापासून चिपळूण-खेडच्या गॅरेजांपर्यंत कोणीही फिरून पाहावे. ज्या कापडाच्या खोळी होतात त्याचे सूत भिवंडी-मालेगावच्या मागांवर आपल्याच बांधवांच्या हाताखालून जाते. आणि तरीही दापोलीचा गाडीमालक हूड शिवायला मुंबईला जातो, किंवा पोस्टाने तयार हूड मागवतो जे कोपऱ्यावर दोन इंच कमी पडते. का जातो? मी काही गाडीमालकांना विचारले. उत्तरे ठरलेली होती. आमचा कारीगर तारीख देतो आणि पाळत नाही. कापडाचा नमुना दाखवतो एक आणि लावतो दुसरा. पावती देत नाही. सहा महिन्यांत शिवण सुटली तर "दोरा खराब आला" म्हणतो.

कारीगर बांधवांना राग येईल, येवो. पण ही चारही कारणे दूर करायला भांडवल लागत नाही. थारचे, जुन्या कमांडरचे, बोलेरो पिकअपच्या मागच्या हौद्याचे असे पाच-सहा फर्मे जाड पुठ्ठ्यावर कापून ठेवले की अर्धे काम संपते. पुढच्या गिऱ्हाइकाला गाडी दोन दिवस उभी करावी लागत नाही. कापडाचा, धाग्याचा, रिंगेचा तुकडा एका पुठ्ठ्याला लावून त्याची जोडी गिऱ्हाइकाला द्यावी. पावतीवर लिहावे की दोन पावसाळे शिवण सुटली तर फुकट करून देऊ. एक मोठे मशीन, ज्यात वरचा पायही कापड ओढतो, ते दोघा-तिघांनी मिळून घ्यावे. साध्या शिलाई मशीनवर चार पदर कॅनव्हास घालून सुई मोडत बसण्यात कसला हुनर आहे? आणि ज्याला हूड शिवता येते त्याला टेम्पोची ताडपत्री, होडीवरचा मांडव, हॉटेलच्या ओट्याचे छत, हॉस्पिटलच्या गादीची खोळ हे सगळे शिवता येते. आमच्या किनाऱ्यावर पर्यटकांची राहण्याची घरे वाढत चालली आहेत. त्यांना पावसाळ्यात पडदे-ताडपत्र्या लागतात, त्याही आज बाहेरून येतात.

कायद्याच्या बाजूनेही कापडाचे काम निर्धोक आहे. ज्या गाडीच्या मूळ बांधणीतच कापडी हूड आहे तिचे फाटलेले हूड तसेच नव्याने शिवणे ही दुरुस्ती होय. पत्र्याचा टप कापून त्यावर हूड चढवणे, किंवा चार आसनी गाडीत मागे बाके टाकून आठ माणसे बसवणे, हा बदल होय. कारीगराने असे काम नाकारावे. दंड मालकाला होतो हे खरे, पण गाडी पकडली गेली की दुकानाचे नावही पुढे येते.

आता व्यापारी बांधवांसाठी थोडा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली, दीड लिटरपर्यंतच्या डिझेल इंजिनची गाडी १८ टक्क्यांत आली, मोठ्या इंजिनाची ४० टक्क्यांत. थारमध्ये हा फरक नेमका लागू पडतो. मागच्या दोन चाकांवर चालणारी दीड लिटर डिझेल थार १८ टक्क्यांत, तर चारही चाकांना जोर देणारी मोठ्या इंजिनाची ४० टक्क्यांत. मूळ किंमत दोन्हींची १० लाख धरली तर नुसत्या कराचा फरक २ लाख २० हजार होतो. ज्याला आंब्याच्या बागेत चढायचे आहे, पावसात निसरड्या पाखाडीने माल उतरवायचा आहे, त्याने ते जरूर द्यावेत. ज्याची गाडी घर ते दुकान आणि दुकान ते दापोली एवढीच फिरणार आहे त्याने कशासाठी?

आणखी एक गोष्ट पुष्कळ दुकानदारांना ठाऊक नसते. माणसे वाहणाऱ्या अशा गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट साध्या दुकानदाराला मिळत नाही. तिच्या दुरुस्तीच्या आणि विम्याच्या बिलावरचीही मिळत नाही. म्हणजे कुर्ल्याहून बसवून आणलेल्या लोखंडावरचा कर पूर्ण आपल्या खिशातून जातो. मालवाहू पिकअपवरचा कर आता १८ टक्के आहे आणि नियमित जीएसटी भरणाऱ्याला तो वजा करता येतो. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मात्र ही सवलत नाही. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे, तेव्हा वेगळ्या परवान्याची अडचणही राहिलेली नाही. कापडाच्या दुकानात एक लाखाचा माल वर्षातून तीनदा फिरला आणि दर फेरीला दहा टक्के सुटले, तर वर्षाला तीस हजार होतात. तोच लाख बंपर आणि दिव्यांत घातला तर वर्षअखेरीस त्याचे काय होते ते भंगारवाल्याला विचारावे.

व्याजाचे कर्ज नको म्हणून आपल्यातले अनेकजण रोखीने जुनी जीप घेतात. विचार उत्तम आहे, पण कागद तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या जीपा नव्याने बांधून विकण्याचा मोठा धंदा आहे आणि त्या दिसायला मोहक असतात. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, आसनसंख्या, इंधन आणि रंग हे पाचही नोंदणीपत्रकाशी जुळले नाहीत तर ती गाडी आपल्या नावावर होताना अडचण येणारच. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाडीसाठी १०,००० झाली. किमतीची घासाघीस करताना हा आकडा धरावा.

दणकट गाडी खरी कामाला येते ती संकटाच्या दिवसांत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडातले रस्ते पडलेल्या झाडांनी बंद झाले आणि वीज कित्येक दिवस नव्हती. त्या वेळी ज्याच्या जीपमध्ये जाड दोर, कोयता, करवत, फावडे आणि डिझेलचा डबा होता त्याची गाडी गावाच्या उपयोगी पडली. टपावरच्या दिव्यांची रांग असलेली गाडी दोर नसल्यामुळे झाडाअलीकडे उभी होती. माझ्या दुकानातली सगळी ताडपत्री दोन दिवसांत उडालेल्या छपरांवर गेली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला, त्यात दुकानांबरोबर असंख्य गाड्या बुडाल्या. नवी थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते. ते पाणी संथ असेल तेव्हाचे आहे, वाहत्या पुराचे नव्हे. पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून चालू करणे ही सर्वात महाग पडणारी घाई आहे. इंजिनात पाणी असताना ते फिरवले की आतला दांडा वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरीत नाहीत. इंजिन संरक्षणाचा जादा हप्ता वेगळा भरावा लागतो. नदीकाठच्या बाजारपेठेत ज्याचे दुकान आहे त्याने बंपरच्या आधी हा हप्ता भरावा.

किनाऱ्यावर गाडी घालण्याबद्दल लिहायचे नाही असे ठरवले होते, पण दर सुट्टीत लाडघर-मुरुडच्या वाळूत कोणाची तरी गाडी रुतल्याची बातमी असते, आणि आता आपली मुलेही त्यात दिसू लागली आहेत. आखातात वाळवंटात टायरची हवा निम्म्यावर आणून गाड्या चालवतात, ते पाहून येथे तसे करतात. तेथे मागून भरती येत नाही. येथे ओहोटीला घट्ट दिसणारी वाळू खाली ओली असते, चाक फिरले की गाडी बसते, आणि सहा तासांत पाणी परत येते. उधाणाच्या दिवसांत ते किती वर येते हे बंदरावरचा पोरगाही सांगेल. शिवाय कोळथरे, आंजर्ले, दाभोळच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात आणि त्या वाळूवरून चाक गेले की घरटे संपते. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाडीचे वायरिंग कोणताही वायरमन पूर्ववत करून देऊ शकत नाही. विकायला काढली तरी गिऱ्हाईक आधी गालिचा उचलून वाळू आहे का ते बघते.

शेवटी कापडवाल्याची एक व्यावहारिक सूचना. हूड शिवायचे असेल तर ते मे महिन्यात कारीगराकडे नेऊ नका. त्या वेळी साऱ्या तालुक्याच्या ताडपत्र्या त्याच्याकडे येऊन पडलेल्या असतात आणि तो रात्री जागून, कोरे कापड न भिजवता शिवतो. दिवाळीनंतर, हवा कोरडी असताना गाडी द्यावी. कापड स्वतः निवडावे, धागा ओढून पाहावा, पावती घ्यावी. पहिले पाणी गाडीवर बादलीने टाकावे आणि कुठून ठिबकते ते कारीगराला तिथेच दाखवावे.